बटाटा, अंडें आणि धाराशिवची न्याहारी

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारी सडक नळदुर्गाच्या किल्ल्याजवळून जाते. या सडकेवरच्या लहानशा खाणावळींतून सकाळच्या प्रहरीं बटाटा आणि अंडें यांचा जो पदार्थ तव्यावरून थेट ताटांत येतो, त्याची कृति कोणाही गृहिणीस नवी वाटणार नाहीं. लोखंडी तव्यावर तेल तापवावयाचें. त्यांत बारीक चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची परतावयाची. मागून बटाट्याच्या बोराएवढ्या फोडी घालून, त्या सारख्या न हलवतां, खालून खरपूस होऊं द्यावयाच्या. वर मीठ, हळद आणि काळें तिखट भुरभुरावयाचें. आणि फोडी शिजल्या कीं उलथन्यानें त्यांत खळगे करून दोन अंडीं फोडून घालावयाचीं व वर झांकण ठेवावयाचें. पांढरें आळलें आहे आणि पिवळें अजून थरथरत आहे, अशा वेळीं तवा खालीं उतरला, म्हणजे ज्वारीच्या भाकरीबरोबर तें खाणें माणसास दुपारपर्यंत भूक लागूं देत नाहीं.

इतका साधा हा पदार्थ. परंतु त्यांतील दोन मुख्य जिनसांचा इतिहास पाहूं गेल्यास मोठी विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. बटाटा सातासमुद्रांपलीकडून आलेला. अंडें अंगणांत दाणे टिपणाऱ्या कोंबडीचें. असें असतां महाराष्ट्रीय घरानें बटाट्यास थेट उपासाच्या ताटांत नेऊन बसविलें, आणि अंड्यास मात्र कित्येक पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेविलें. पाहुण्याला पाट आणि घरच्याला परसदार, हा न्याय कसा झाला? धाराशिव जिल्ह्याच्या निमित्तानें या प्रश्नाचा विचार करणें सोयीचें आहे. कारण हा मुलूख दोन राज्यांच्या, दोन चलनांच्या आणि निदान तीन तऱ्हेच्या स्वयंपाकघरांच्या सीमेवर वाढला.

प्रथम ‘न्याहारी’ हा शब्दच घ्यावा. तो फारसीचा. ‘नहार’ म्हणजे सकाळपासून कांहीं न खाल्लेला, उपाशी. आणि ती उपाशी अवस्था मोडणारें खाणें तें ‘नहारी’. ‘नाश्ता’ या शब्दाचाही मूळ अर्थ उपाशीपणा असाच आहे. इंग्रजांचा ‘ब्रेकफास्ट’ तर उघडउघड उपास मोडणारा. बालाघाटाच्या पठारावरील शेतकऱ्यास हे व्युत्पत्तीचे खेळ ठाऊक नव्हते. पण शब्दाचा अर्थ त्याच्याइतका कोणास कळला असेल? पहाटे चांदणी असतांना तो मोट जुंपी किंवा औत धरी, आणि सूर्य कासराभर वर आल्यावर घरून आलेलें फडकें बांधावर सोडी. त्या फडक्यांत रात्रीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी किंवा मिरचीचा ठेचा आणि एक कांदा. तो कांदा सुरीनें न चिरतां बुक्कीनें फोडावयाचा, हा शिरस्ता. सोबत ताक, उन्हाळ्यांत ज्वारीच्या पिठाची आंबील, आणि माघाच्या थंडींत कोवळ्या कणसांचा हुरडा. शहरांतील कारकून-वर्गास ही न्याहारीसुद्धां ठाऊक नव्हती. त्यांचीं दोन जेवणें ठरलेलीं, आणि कचेरीचें घड्याळ व चहा आल्यावर मग त्या दोहोंच्या मध्यें सकाळचें खाणें घुसलें. या सर्व चित्रांत बटाटा नाहीं आणि अंडेंही नाहीं.

बटाट्याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत. आजच्या पेरू व बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नांवाचें सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या उंच, थंड प्रदेशांत निदान सात हजार वर्षांपूर्वीं मनुष्यानें तो लागवडीस आणला. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगिजांच्या गलबतांतून उतरला असें मानतात, आणि त्याची साक्ष मराठी माणसाच्या तोंडींच आहे. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज ‘बटाटा’च होय. गंमत अशी कीं, तो शब्द मुळांत कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांचा, आणि त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ रताळें! युरोपियनांनीं एका कंदाचें नांव दुसऱ्यास दिलें, आणि त्या घोटाळ्यासकट तें कोंकणांत येऊन पोंचलें. मोगल दरबारीं आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी यानें आसफखानाच्या मेजवानींत ‘पोटॅटो’ खाल्ल्याचें लिहिलें आहे; परंतु याच घोटाळ्यामुळें तें रताळें नसेलच, असें कोणीं छातीठोकपणें सांगूं नये. उत्तरेनें मात्र निराळा मार्ग धरला. संस्कृतांत ‘आलु’, ‘आलुक’ हीं नांवें जमिनीखालच्या खाद्य कंदांना पूर्वींपासून होतीं. तेंच नांव उत्तरेकडील लोकांनीं या नव्या कंदास दिलें. म्हणजे उत्तरेनें परक्यास आपलें नांव देऊन घरांत घेतलें, आणि महाराष्ट्रानें, गुजराथेनें व गोव्यानें परक्याचें नांवच आपलें मानलें.

किनाऱ्यावरून घाट चढावयास बटाट्यास फार काळ लागला. १८२८ सालच्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं महाबळेश्वरीं थंड हवेचें ठाणें वसविलें. तेथें कांहीं चिनी कैदी आणून ठेविले होते. त्यांनीं डोंगरउतारावर बागा करून इंग्रजांच्या टेबलासाठीं ज्या भाज्या पिकविल्या, त्यांत बटाटा प्रमुख होता. पेरूचा कंद, पोर्तुगीज नांव, चिनी माळी आणि इंग्रज गिऱ्हाईक; मराठी मुलखांतल्या बटाट्याची सुरुवात ही अशी. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुणें जिल्ह्याच्या खेड व जुन्नर या भागांतील कुणब्यांनीं तें पीक आपलेंसें केलें, आणि तेव्हांपासून तो साहेबाच्या टेबलावरून बाजाराच्या पाटींत आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुण्याच्या शेतकी कॉलेजांत असलेले डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या पिकाचा व त्याच्या रोगांचा कसून अभ्यास केला. त्या काळीं पुण्याकडील लागवडीचें बियाणें बरेंचसें इटलींतून येत असे, आणि पहिल्या महायुद्धानें समुद्रमार्ग अडविले तेव्हां मावळतीकडच्या युद्धाची झळ मंचरच्या शेतकऱ्यास बियाण्याच्या रूपानें लागली.

धाराशिवच्या रानांत मात्र तो रुजला नाहीं. बटाट्यास कंद धरण्यासाठीं थंड रात्री, भुसभुशीत जमीन आणि वेळच्या वेळीं पाणी लागतें. बालाघाटाच्या काळ्या, चिकण जमिनीनें रब्बीच्या ज्वारीस जन्म द्यावा, करडई पोसावी, तूर-हरभरा पिकवावा. पाण्याची तर तेथें नेहमींचीच ओढ. तेव्हां या जिल्ह्यांत बटाटा आला तो गाडींतून, पोत्यांतून, विकत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६०च्या सुमारास सोलापुरास पोंचली, आणि पुण्याकडील माल दोन दिवसांत सोलापूरच्या पेठेंत पडूं लागला. सोलापुराहून तुळजापूर हें बैलगाडीचें एका दिवसाचें अंतर. १८९७ सालीं बार्शीची लहान मापाची रेल्वे सुरूं झाली. अडीच फूट रुळांवरून धांवणारी ती इटुकली आगगाडी पुढें येडशी, ढोकी या बाजूनें १९११ सालीं लातुरास गेली. जिल्ह्याच्या मुख्य गांवास मात्र तिनें वळसा घातला. धाराशिव शहरास स्वतःचें रेल्वे स्टेशन मिळावयास रुळांची रुंदी बदलेपर्यंत, म्हणजे एकविसावें शतक उजाडेपर्यंत, वाट पाहावी लागली.

अंतर थोडें असलें तरी मध्यें सरहद्द होती. सोलापूर इंग्रजी अमलांत, तुळजापूर निजामाच्या. निजाम सरकारचें जकातखातें ‘करोडगिरी’ या नांवानें प्रसिद्ध होतें, आणि इंग्रजी मुलखांतून येणाऱ्या मालास त्याच्या नाक्यावरून यावें लागे. नाणेंही निराळें. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली शिक्का. आणि हालीची किंमत कलदाराहून कमी, म्हणून प्रत्येक सौद्यास बट्ट्याचा हिशेब. अशा रीतीनें येणारी वस्तु गरिबाची रोजची भाजी होत नाहीं. बटाटा प्रथम दिसला तो वकील, कारकून, सावकार, पुजारी यांच्या घरीं. आणि त्यांतही रोजच्या भाजींत त्याचें महत्त्व फारसें वाढलें नसतें, जर उपासानें त्यास हात दिला नसता.

परदेशी वस्तु या मातीस नवी नव्हती, हें येथें सांगितलें पाहिजे. धाराशिवपासून जवळच असलेलें तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर असून तेथून कापड भडोचच्या बंदरास जातें, असा उल्लेख आहे. रोमन व्यापाराच्या खुणा तेरच्या उत्खननांत सांपडल्या, आणि तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयांत त्या पाहावयास मिळतात. ज्या भूमीनें रोमची नक्कल मातींत उतरविली, तिनें पेरूचा कंद चुलीवर ठेवावा यांत नवल नाहीं. नवल आहे तें तो देवाच्या नांवानें ठेविला याचें.

उपासाचा नियम धान्यासंबंधीं आहे. तांदूळ, गहूं, ज्वारी, डाळी हे पदार्थ वर्ज्य; फळें, दूध व कंदमुळें ग्राह्य. बटाटा आला तेव्हां व्रतांची यादी कधींच तयार झालेली होती. त्या यादींत त्याचा निषेध नव्हता, कारण यादी करणाऱ्यांनीं तो पाहिलाच नव्हता. आणि कंदमुळांत त्याची गणना सहज होत होती. एकादशीच्या ताटाकडे या दृष्टीनें पाहिलें तर हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. बटाटा अमेरिकेचा. रताळें अमेरिकेचें. शेंगदाणा अमेरिकेचा. हिरवी मिरचीही तेथलीच. साबुदाणा पूर्वीं मलायाकडील ताडाच्या जातीच्या झाडाचा येत असे, तो १९४३ पासून तामिळनाडूंतील सेलमकडे टॅपिओकाच्या मुळांपासून होऊं लागला, आणि टॅपिओकाही ब्राझीलचाच. सोवळ्यांत सर्वांत कडक असा जो दिवस, त्या दिवशीं महाराष्ट्राची गृहिणी अजाणतां कोलंबसाच्या मागच्या जगावरच सारी भिस्त ठेवते.

धाराशिव जिल्ह्यांत तर उपासास तोटा नाहीं. तुळजापूरच्या भवानीचे मंगळवार आणि शुक्रवार, आश्विनाचें नवरात्र, शेजारच्या पंढरपूरची एकादशी, संत गोरा कुंभारांच्या तेरेची वारकरी परंपरा; वर्षाचा केवढा तरी भाग असा निघतो कीं ज्या दिवशीं सकाळीं चुलीवर बटाटाच असावयाचा. त्याचा उत्तम प्रकार म्हणजे बटाट्याचा कीस, आणि तो करण्यांत एक खुबी आहे. बटाटे सोलून किसावयाचे ते थेट पाण्यांत. म्हणजे हवेनें काळे पडत नाहींत आणि वरचें पिठूळ सत्त्व धुवून जातें. मग मुठींत घट्ट पिळून तो कीस तुपांत जिरें व मिरची घालून परतावा. पिळण्यांत आळस केला तर त्याची खळ होते. पहिली वाफ झांकण ठेवून, पुढची उघड्यावर. शेवटीं शेंगदाण्याचें कूट, मीठ, चवीस साखर आणि लिंबू. कडेनें तांबूस, कुरकुरीत पापुद्रा धरला म्हणजे तो साधला. इंग्रज व अमेरिकन ज्यास ‘हॅश’ म्हणतात तो पदार्थ याहून तत्त्वतः निराळा नाहीं. तो शब्द फ्रेंच भाषेंतील चिरण्याच्या क्रियापदावरून आला, आणि बारीक करून तव्यावर खरपूस परतणें एवढाच त्याचा अर्थ. फरक एवढाच कीं, तेथें त्यावर अंडें येतें आणि येथें दाण्याचें कूट.

आतां अंड्याकडे वळावें. कोंबडी माणसाळली ती आग्नेय आशियांत, असें आजचें संशोधन सांगतें. पण तिच्या कुळांत दक्षिण हिंदुस्थानचाही वाटा आहे. सह्याद्रीच्या रानांत राखी रंगाचा जो रानकोंबडा आरवतो, त्याच्या रक्तांतून पाळीव कोंबडीस कातडीचा पिवळा रंग मिळाला, हें २००८ सालीं तिच्या वंशबीजाच्या अभ्यासावरून सिद्ध झालें. इतकी ती इथली. तरी ब्राह्मण, जैन, कोमटी आणि या जिल्ह्यांत मोठ्या संख्येनें असलेले लिंगायत यांच्या घरीं अंडें वर्ज्यच होतें. ज्या मराठा-कुणबी घरांत मांसाहार चालत असे, तेथेंही तो नेहमींच्या चुलीवर नव्हे. परसांत तीन दगड मांडून, वेगळ्या भांड्यांत. आणि ज्यांच्या झोपडीपुढें कोंबड्या फिरत त्या महार, मांग, पारधी व इतर गरिबांना तरी अंडें कोठें खावयास मिळे? कोंबडीखालीं ठेवून पिलें काढावयाचीं, नाहीं तर आठवड्याच्या बाजारीं विकून मीठ-तेल आणावयाचें. अंडें हें त्यांचें खाणें नसून चलन होतें. पाहुणा आला, बाळंतीण अशक्त झाली, किंवा पोर तापानें उठलें, तरच तें फुटत असे.

यावरून एक गोष्ट उघड होते. वस्तु कोठून आली हें चुलीनें कधींच विचारलें नाहीं. ती कोणाच्या हातून आली आणि कोण खातो, हें तिनें नेमकें विचारलें. बटाटा पेठेंतून, वाण्याच्या तराजूंतून, जातीवांचून आला. अंड्यास जात होती. शास्त्राचा निषेध खराच, पण त्या निषेधास धार आली ती या शेजारामुळें.

अंड्यास मोकळेपणानें घरांत घेणारीं स्वयंपाकघरें जिल्ह्यांत होतीं, तीं मुसलमानांचीं. ख्वाजा शम्सुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याभोंवतीं वाढलेल्या धाराशिवांत, परंड्याच्या व नळदुर्गाच्या जुन्या वस्त्यांत, आणि हैदराबादेहून बदलून येणाऱ्या अंमलदारांच्या बिऱ्हाडीं ‘खागीना’ होत असे. कांदा भरपूर परतून, त्यांत हळद-तिखट घालून अंडीं मोडावयाचीं. पुढें मुंबईनें ज्यास भुर्जी म्हटलें त्याचा हा थोरला भाऊ. त्यांत बटाट्याच्या फोडी टाकल्या कीं आलू-अंडा. हैदराबादी दस्तरखानावर सकाळचें खाणें हा स्वतंत्र मानाचा विषय होता, आणि खिचडी-खिम्याच्या शेजारीं अंड्यास कमीपणा नव्हता.

दुसरें स्वयंपाकघर साहेबाचें. तें थोडा काळच आलें, पण नळदुर्गास आलें. १८५३च्या तहानें निजामानें वऱ्हाडाबरोबर हा जिल्हाही इंग्रजांच्या हवालीं केला, आणि त्याचा कारभार पाहण्यास कॅप्टन मेडोज टेलर नळदुर्गास राहिला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा हाच तो टेलर. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यानें ‘तारा’ ही कादंबरी पुढें १८६३ सालीं प्रसिद्ध केली. १८६० सालीं मुलूख निजामास परत मिळाला. अशा साहेबांच्या छावण्यांमागून डाक बंगले आले, आणि डाक बंगल्यांत खानसामा आला. वेळीं-अवेळीं उतरणाऱ्या प्रवाशाला कांहीं तरी गरम देणें हें त्याचें कर्तव्य, आणि त्याच्याजवळ खात्रीच्या वस्तु तीन: शेजारच्या वाडीवरील कोंबडी, तिचीं अंडीं, आणि पोत्यांतला टिकाऊ बटाटा. पहाटे चहाबरोबर ‘छोटी हाजरी’, आणि नऊ-दहा वाजतां भरपेट मोठी हाजरी. तींत आदल्या रात्रीचें उरलेलें मांस बटाट्याबरोबर चिरून परतलेलें, वर अंडें. मद्रासेकडे पाकशास्त्रावर लेखन करून नांव मिळविलेले कर्नल केनी-हर्बर्ट यांनीं तर १८९४ सालीं ‘फिफ्टी ब्रेकफास्ट्स’ या नांवाचें पुस्तकच काढलें. पन्नास दिवसांच्या पन्नास न्याहाऱ्या! शिळी भाकरी आणि बुक्कीनें फोडलेला कांदा खाणाऱ्या मुलखांत हें पुस्तक कादंबरीहून अद्भुत ठरलें असतें.

परंतु मराठी शहरास अंडें-बटाटा खावयास शिकविलें तें साहेबानें नव्हे, पारशानें आणि इराण्यानें. पारशी घरांत ‘पपेटा पर ईंडां’ हा अस्सल घरगुती पदार्थ आहे. बटाट्याच्या पातळ चकत्या कांद्या-मिरचीबरोबर मंद आंचेवर मऊ शिजवून, वर अंडीं सोडून, झांकणावर निखारे ठेवून तीं आळवावयाचीं. भेंडी असो, टोमॅटो असो, पारशी गृहिणी त्यावर अंडें घातल्याखेरीज राहत नाहीं, असें थट्टेनें म्हणतात. पण ही रीत फार शहाणपणाची आहे, कारण तींत भाजीचा रस वायां जात नाहीं आणि अंडें वातड होत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबईंत इराण्यांचीं उपाहारगृहें फोफावलीं. धोबीतलावावरील कयानी १९०४ चें. पुण्यांतील गुडलक १९३५ चें. संगमरवरी मेजावर कोणी कोणाची जात विचारीत नसे, आणि आईच्या चुलीवर जें होत नसे तें दोन आण्यांत समोर येई. घरीं सोंवळें आणि हॉटेलांत आम्लेट, हा पांढरपेशा तरुणाचा दुहेरी संसार तेथें सुरूं झाला. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणी-मित्र’ हें हजार कृतींचें पुस्तक निघालें, त्यांत सामिष पदार्थांना उघड जागा मिळाली. पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघरास त्यांत लाजण्यासारखें कांहींच नव्हतें; पुस्तक मात्र इतर घरांतही गेलें, आणि त्याचीं कांहीं पानें चोरूनच वाचलीं गेलीं असतील.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहाटे हिंदी सैन्याची मुख्य तुकडी सोलापुराहून निघून नळदुर्गाकडे आली, आणि बोरी नदीवरचा पूल व किल्ला तिनें त्याच दिवशीं घेतला. १७ सप्टेंबरास निजामाच्या सैन्यानें शस्त्र खालीं ठेविलें. पुढच्या कांहीं वर्षांत करोडगिरीचे नाके आणि हाली शिक्का हे दोन्ही इतिहासजमा झाले. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९८२ सालीं लातूर वेगळें झालें. आणि सातव्या निजामाच्या नांवावरून पडलेलें उस्मानाबाद हें नांव जाऊन २०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव अधिकृत झालें. स्वयंपाकघराच्या दृष्टीनें यांतील सर्वांत मोठी घटना नाकीं उठण्याची. सोलापूरचा बटाटा आतां अडखळत नव्हता. त्यांतच १९४९ सालीं पाटण्यास मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्था निघाली, ती पुढें सिमल्यास गेली, आणि तिनें काढलेल्या ‘कुफ्री’ नांवाच्या जातींनीं व शीतगृहांनीं बटाट्यास बाराही महिने बाजारांत उभें केलें.

१९७२चा दुष्काळ या जिल्ह्यास विसरतां येणार नाहीं. खडी फोडण्याच्या कामावर बाया-माणसें गेलीं, पोरांना सुकडी मिळाली, आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. बटाटा, शेंगदाणा, मिरची यांना आपलें म्हणणाऱ्या लोकांनीं त्या अमेरिकन ज्वारीस मात्र मनापासून शिव्या दिल्या. तिची भाकरी थापतां फुटे आणि गळ्याखालीं उतरत नसे. पाहुणा भाजी म्हणून चालतो. भाकरीच्या जागीं बसला तर चालत नाहीं.

अंड्याचें भाग्य त्याच दशकांत पालटलें. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांचीं मोठीं कुक्कुटगृहें निघालीं. १९८२ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानें अंडीं-उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिति स्थापन झाली, आणि भावावरचा दलालांचा ताबा ढिला झाला. झोपडीपुढच्या कोंबडीचें अंडें आतां दुकानांत, पुठ्ठ्याच्या ताटांत, तीस-तीसच्या थरांनीं, पत्ता नसलेल्या ठिकाणाहून येऊं लागलें. बटाट्यास जो फायदा पहिल्यापासून होता तो अंड्यास आतां मिळाला; त्याची जात पुसली गेली. सडकेवरचा तवा दोघांसही एकत्र घेऊं लागला तो यानंतर. घरांतील चुलीनें याहून थोडा अधिक वेळ घेतला, आणि आजही मंगळवारीं व शुक्रवारीं पुष्कळ घरीं तव्यावर नुसता कीसच असतो. नवरात्रांत नऊ दिवस बटाटा, महानवमीस देवीपुढें अजाबळी, आणि मग सामिषाचा मार्ग मोकळा. तुळजापूरच्या पंचक्रोशींत या दोन्ही गोष्टी एकाच भक्तीच्या आहेत आणि त्यांत कोणास विसंगति वाटत नाहीं.

या साऱ्या गोष्टी केवळ रुचीच्या राहिल्या असत्या तर त्यांचा एवढा विस्तार नको होता. २०१८ सालीं केंद्र सरकारनें विकासांत मागें पडलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली, तींत महाराष्ट्रांतील चार जिल्हे होते: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि उस्मानाबाद. मुलांचें पोषण ही त्या यादीची एक मुख्य कसोटी होती. शंभर ग्रॅम बटाट्यांत प्रथिन दोनेक ग्रॅम. एका अंड्यांत सहा ग्रॅम, आणि तेंही शरीरास सर्वांत सहज लागणारें. नुसत्या बटाट्यानें पोट भरतें, बाळसें धरत नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें शाळेंतील मध्यान्ह भोजनांत आठवड्यास एक अंडें देण्याचें ठरविलें. ज्यांना अंडें चालत नाहीं अशा मुलांसाठीं केळें ठेविलें. सरकारी शाळेच्या ओसरीवर, एकाच रांगेंत, सर्व जातींच्या पोरांपुढें अंडें आलें. त्यावर आक्षेपही आले, आणि त्यांतील कांहीं तेच जुने, उंबऱ्यापाशीं उभे राहणारे होते. जानेवारी २०२५ मध्यें सरकारनें अंड्यासाठीं द्यावयाचा निराळा पैसा बंद केला; अंडें द्यावयाचें तर शाळेनें लोकवर्गणींतून द्यावें, असें सांगितलें. वर्गणी गोळा होईल असें गांव आणि अंड्याची खरी गरज असलेलें गांव, हीं दोन्ही एकच क्वचित् असतात. शाळेच्या खिचडींतील बटाट्यासाठीं मात्र वर्गणी काढण्याची पाळी कोणावर आली नाहीं.